नायट्रेट की अमोनियम?

मातीविना, द्रावणात रोपे वाढवणाऱ्या एका स्नेह्याला नत्र कोणत्या रूपात द्यावे हे ठरवता येत नव्हते.

मुळाच्या पेशीपटलाची (पेशीच्या पातळ आवरणाची) आतली बाजू ऋणभारित असल्यामुळे धनभारित अमोनियम वाहक प्रथिनांतून सहज आत ओढले जाते. ऋणभारित नायट्रेटला मात्र प्रोटॉनांच्या (धनभारित हायड्रोजन आयनांच्या) सोबतीनेच शिरावे लागते, आणि ते प्रोटॉन पुन्हा बाहेर ढकलण्यासाठी मूळ एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा पुरवणारे रेणू, खर्च करते. पुढे नायट्रेटचे अमोनियम करायला 8 इलेक्ट्रॉन लागतात, ते वेगळेच.

खर्चात अमोनियम सरस. पण ही स्वस्ताई फसवी आहे. जादा नायट्रेट रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, साठवता येते, तर जादा अमोनियम विषारी ठरते, मुळांभोवती आम्लता वाढवते, कॅल्शियमचे शोषण घटवते आणि मुळे आखूड राहतात.

म्हणून द्रावणात नायट्रेटच मुख्य ठेवावे आणि सामू (pH) चढू लागल्यास, म्हणजे आम्लता घटू लागल्यास, थोडे अमोनियम मिसळावे. पाणी साचलेल्या भातशेतीत मात्र अमोनियमच योग्य, कारण तिथे नायट्रेट टिकत नाही.