बॅटरीला फ्यूज की डीसी एमसीबी? खान्देशच्या उन्हाच्या हिशेबाने

घरच्या सोलरमध्ये बॅटरीच्या संरक्षणाला फ्यूज लावावा की डीसी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका), हा इथला प्रश्न. सोलर पॅनलच्या बाजूबद्दल इथे बोलत नाही. पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट चालू करंटपेक्षा थोडासाच जास्त असतो, त्यामुळे एक-दोन स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या ओळी) असतील तर तिथे फार डोकं लावावं लागत नाही. खरा प्रश्न बॅटरी आणि इन्व्हर्टरमधल्या जाड केबलचा. ४८ व्होल्टची लिथियम बँक शॉर्ट झाली तर क्षणात काही हजार अँपिअर सोडते. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, डीसीचा येत नाही. त्यामुळे पेटलेला आर्क, म्हणजे तुटलेल्या टोकांमधली विजेची ज्योत, सहजासहजी विझत नाही.

दोन्ही पर्याय मी वापरले आहेत. एमसीबीची सोय मोठी, हे आधी मान्य करतो. खटका पाडला की बॅटरी सुटी, आणि हे घरात कोणालाही जमतं. म्हणून बहुतेक फिटर तोच सुचवतात. घ्यायचाच असेल तर त्यावर + आणि − च्या खुणा आहेत का ते बघा. खुणांचा एमसीबी एकाच दिशेच्या करंटसाठी असतो. बॅटरीत मात्र चार्ज होताना करंट एकीकडे, डिस्चार्ज होताना दुसरीकडे. उलट्या दिशेला तो तोडायची वेळ आली तर आतलं चुंबक आर्कला विझवण्याच्या जागेपासून लांब ढकलतं आणि एमसीबीच पेटू शकतो. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

माझं मन फिरलं ते उन्हाने. घरगुती मानकात एमसीबीचा अँपिअरचा आकडा ३० अंशांना धरलेला असतो, औद्योगिकमध्ये बहुधा ४० अंशांना. त्याहून गरम झाला की तो कमी करंटलाच पडतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास, मग पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते बघा. मी काही थर्मामीटर लावून मोजलेलं नाही. पण आखाजीला माहेरवाशिणी आल्या, मांड्यांचं पुरण मिक्सरवर, कूलर आणि फ्रीज चालू, सगळा लोड इन्व्हर्टरच्या मापात, आणि भर दुपारी खटका पडला. वर केला तर राहीना, कारण तापून खटका पाडणारी आतली पट्टी गार व्हायला वेळ घेते. तेवढा वेळ कूलर बंद, आणि घरातल्या बायकांची बोलणी मला. रात्री तेवढ्याच लोडवर तो निमूट चालला!

फिटर म्हणाला, ‘भाऊ, मोठा एमसीबी टाकून देऊ.’ ते मला पटलं नाही. संरक्षण केबलच्या मापाचं असायला हवं. आणि उन्हाळ्याच्या हिशेबाने मोठा केलेला एमसीबी धुळ्याकडच्या पौषात, पारा १० च्या खाली गेल्यावर, छापलेल्या आकड्यापेक्षाही जास्त करंट सोडून देतो.

एचआरसी फ्यूजही (मोठा शॉर्ट सर्किट करंट तोडू शकणारा बंद फ्यूज) उन्हाने थोडा हलका होतो, पण माझ्या अनुभवात त्याचा त्रास जाणवत नाही. ५ किलोवॅट, ४८ व्होल्टला साधारण १०४ अँपिअर. बॅटरी उतरलेली आणि इन्व्हर्टरचा घाटा धरला तर १२५ च्या आसपास. त्याच्या सव्वापट म्हणजे १६० चा फ्यूज. केबल त्याहून कमकुवत नको. फ्यूजवर डीसी व्होल्टेज छापलेलं असेल तरच घ्या. एसीचा मोठा आकडा बघून भुलू नका. किती किलोअँपिअर तोडू शकतो तेही वाचा, लिथियमला ते फार महत्त्वाचं. किटकॅटमध्ये तांब्याची तार घालायची गावाकडची सवय मात्र इथे आणू नका.

तोटे आहेतच. उडाला की नवीनच लागतो, आणि रात्री तालुक्याच्या गावात १६० चा फ्यूज कुठला मिळायला? दोन जादा घरात ठेवावे लागतात. फ्यूज हा स्विच नव्हे, म्हणून वेगळा डीसी आयसोलेटर लागतो. खर्च वाढतो.

तुमची बॅटरी धाब्याच्या गार खोलीत असेल, दोन ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या आणि लोड बेताचा असेल, तर चांगला बिनखुणांचा एमसीबी पुरेल. मी आग्रह धरणार नाही. पत्रा किंवा पश्चिमेची भिंत असेल आणि त्यात लिथियम, तर मी फ्यूजच लावेन: बॅटरीच्या प्लस टर्मिनलला जितका जवळ बसेल तितका जवळ, आणि पुढे आयसोलेटर. तो मात्र आधी इन्व्हर्टरवरचा लोड बंद करूनच फिरवायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.