हास्यरसिकांची ऑनलाइन क्विझ: घड्याळवाली की कॉलवरची?

परवा कोल्हापुरात उद्यमनगरात जेवणाच्या सुट्टीत आमच्या वर्कशॉपमधल्या एका पोरानं विचारलं, "दादा, तुम्ही रविवारी रात्री ती विनोदी सिनेमा-नाटकांची क्विझ खेळता न्हवं? मला पण खेळायचंय. कुठं नाव घालू?" डबा संपेपर्यंत जमेल तेवढं सांगितलं. पण बरंच सांगायचं राहून गेलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

विनोदी चित्रपट, नाटकं, एकपात्री, टीव्हीवरचे कार्यक्रम यांवरच्या लाइव्ह क्विझ मी दोन तऱ्हेच्या खेळलो. एक घड्याळवाली. निवेदक लाइव्ह प्रक्षेपणात प्रश्न वाचतो, तुमच्या फोनवर चार पर्याय उघडतात आणि दहा-वीस सेकंदांत बोट टेकवायचं. दुसरी कॉलवरची. तीसेक माणसं व्हिडिओ कॉलवर जमतात, तीन-चार जणांचे संघ होतात, क्विझमास्टर प्रश्न दाखवतो, संघ आपसात बोलतो आणि उत्तर लिहून पाठवतो. लिंक कशी उघडायची, नाव कसं नोंदवायचं हे तुम्हाला येतंच. पहिली मी वर्षभर नेमानं खेळलो, दुसरी आता दीड वर्ष खेळतोय.

टेलिग्रामवर ग्रुपमध्ये रोज एकदोन प्रश्न टाकतात, तोही एक प्रकार आहे. बरोबर उत्तर दाखवणारी क्विझची सोय तिथे जानेवारी २०२० पासून आहे. बसची वाट बघताना खेळायला ते छानच. पण त्याला लाइव्ह म्हणता येत नाही, त्यामुळे इथे ते बाजूला ठेवतो.

आधी घड्याळवालीचं चांगलं सांगतो, कारण तिच्यात चांगलं खूप आहे. या खेळाची चटक लोकांना लागली ती २०१७-१८ च्या सुमारास. अमेरिकेत एचक्यू ट्रिव्हिया २०१७ साली सुरू झाला. बारा प्रश्न, प्रत्येकाला दहा सेकंद, चुकला की बाहेर. पुढच्याच वर्षी आपल्याकडेही तसे खेळ आले. ठरलेल्या वेळी हजारो माणसं एकदम तोच प्रश्न सोडवतायत, या कल्पनेतच मजा होती. आजच्या हास्यरसिकांच्या क्विझमध्ये तेवढी गर्दी नसते आणि चुकलं म्हणून सहसा कुणी बाहेर काढत नाही, पण ती धडधड तीच. एकट्यानं खेळता येतं, कुणाशी बोलावं लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत मोकळे. आणि प्रामाणिकपणाच्या बाबतीत घड्याळ फार उपयोगी. दहा सेकंदांत गूगल करून उत्तर शोधणं जवळपास अशक्य, त्यामुळे ज्याला येतं तोच पुढे जातो. सरळ माहितीचे प्रश्न इथे शोभतात. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे किती पात्रं उभी करायचे? बावन्न. येत असेल तर दोन सेकंदांत येतं, येत नसेल तर विचार करून काही येत नाही.

मग मी ती का सोडली?

मंगळवार पेठेत आमच्या जुन्या घरी माझी आत्या राहते. सगळं घर तिला आक्का म्हणतं. वय एकाहत्तर. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' तिनं १९७१ साली आला तेव्हाच पाहिलेला, आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांचं तर काहीही विचारा. मी तिच्याकडे जाऊन खेळायचो, कारण खरी जाणकार तीच. टीव्हीवर प्रक्षेपण, माझ्या मांडीवर फोन, शेजारी आक्का.

एका रात्री 'अशी ही बनवाबनवी'मधला घरमालक सरपोतदारांचा आवाज वाजवला. फक्त आवाज, चित्र नाही. १९८८ चा चित्रपट, तिनं शंभरदा पाहिलेला असेल. पण पहिला शब्द कानावर पडला आणि आक्का हसायला लागली. पदर तोंडाला, डोळे मिटलेले, खांदे हलतायत. तिला बघून मीही हसलो. खाली मान घातली तेव्हा फोनवर आकडा तीनवर आलेला. तीन, दोन, एक. पर्याय करडे पडले. सुधीर जोशींचं नाव आम्हा दोघांच्याही ओठांवर होतं आणि गुण शून्य. आक्का डोळे पुसत म्हणाली, "अरं, हसायला तरी सवड द्या की माणसाला."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यानंतर मी बारकाईनं बघायला लागलो. या तऱ्हेच्या बहुतेक खेळांत बरोबर उत्तराला ठरलेले गुण नसतात, वेगाला गुण असतात. आम्ही खेळायचो त्यात लगेच दाबलं तर हजाराच्या आसपास, शेवटच्या क्षणी दाबलं तर तेच उत्तर बरोबर असूनही निम्मेच. म्हणजे जो आवाज पूर्ण ऐकतो, आठवतो, हसतो, तो मागे. जो ऐकत नाही, पर्याय उघडले की दाबतो, तो पुढे. क्रिकेटच्या किंवा सामान्यज्ञानाच्या क्विझमध्ये हे चालून जाईल. विनोदाच्या क्विझमध्ये मला ते खटकलं, आणि एकदा खटकल्यावर दर रविवारी खटकत राहिलं.

यात भर पडते उशिराची. लाइव्ह म्हटलं तरी प्रक्षेपण तुमच्यापर्यंत काही सेकंद मागून येतं. कधी पाच, कधी पंधरा. फोनवरचं घड्याळ मात्र त्याच्या वेळेनं धावतं. आमच्याकडे टीव्हीवर निवेदक प्रश्न वाचतोय आणि फोनवर वेळ संपत आली, असं नेहमी व्हायचं. जुन्या घराच्या जाड भिंती, खालच्या मजल्यावरचा राउटर आणि आम्ही माडीवर, हेही कारण असेल. पण मी फोन मोबाइल डेटावर घेऊन बघितला तरी फरक थोडाच पडला. तुम्हाला ही क्विझ खेळायचीच असेल तर दोन गोष्टी करा. प्रक्षेपण टीव्हीवर न लावता दुसऱ्या फोनवर कमी दर्जाच्या चित्रात लावा. आणि मध्ये थांबवलं असेल तर पडद्यावरच्या 'लाइव्ह' खुणेवर बोट टेकवून परत पुढे या, नाहीतर तुम्ही सगळा खेळ मागूनच बघत राहता. काही निवेदक हा उशीर ओळखून पर्याय जास्त वेळ उघडे ठेवतात. तसा कुणी मिळाला तर तक्रार निम्मी होते, हेही मान्य करतो.

आता कॉलवरची. इथलं बोलणं सुरुवातीला परकं वाटेल. बाउन्स म्हणजे एका संघाला नाही आलं की प्रश्न पुढच्याकडे जातो. पाउन्स म्हणजे आपली पाळी नसताना, प्रश्न फिरायला लागण्याआधी, क्विझमास्टरला खाजगीत उत्तर पाठवायचं. आमच्याकडे बरोबर आलं तर दहा, चुकलं तर उणे पाच. कनेक्ट म्हणजे चार-पाच वेगळ्या गोष्टींमधलं समान सूत्र. आणि फंडा म्हणजे उत्तरानंतर क्विझमास्टर सांगतो ती त्यामागची गोष्ट. माझ्या मते या खेळाचा जीव फंड्यात आहे.

एकाच विषयावर दोन्हीकडे प्रश्न कसा येतो बघा. घड्याळवालीत विचारतील: १९३८ च्या 'ब्रह्मचारी'चे दिग्दर्शक कोण? चार नावं. मास्टर विनायक दाबा, पुढे चला. कॉलवर आम्हाला आलेला प्रश्न साधारण असा होता: कोल्हापुरात जन्मलेल्या एका नट-दिग्दर्शकानं १९३६ साली दोन सोबत्यांबरोबर इथेच चित्रसंस्था काढली, तिच्या नावात एक पक्षी आहे, आणि दोन वर्षांनी आलेल्या तिच्या गाजलेल्या विनोदी चित्रपटाचं लेखन आचार्य अत्र्यांचं. संस्था सांगा, चित्रपट सांगा. आमच्या संघात मला मास्टर विनायक माहीत, पक्षी माहीत नाही. सांगलीचे एक निवृत्त मास्तर आमच्या संघात आहेत, ते म्हणाले, "पक्षी म्हणजे हंसच असणार, हंस पिक्चर्स." मग अत्रे म्हटल्यावर 'ब्रह्मचारी' आलंच. तिघांनी मिळून तीन तुकडे जोडले. नंतर फंड्यात कळलं की अभिनेत्री नंदा ही विनायकांची मुलगी. 'प्रभात'ही १९२९ साली इथेच सुरू झाली आणि पुढे पुण्याला गेली, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं. पण मराठी पडद्यावरच्या विनोदाचा एक मोठा धागा आपल्याच गावातून निघालाय, हे मला त्या रात्री नीट उमगलं. चार पर्यायांच्या खेळात वर्षभरात असं एकदाही झालं नव्हतं.

आक्कालाही तिथे जागा मिळाली. एकदा प्रश्न आला: १९६४ साली तमिळमध्ये आलेली गोष्ट त्याच दिग्दर्शकानं दोन वर्षांनी हिंदीत केली आणि १९८५ साली एका मराठी अभिनेत्यानं पहिल्यांदाच दिग्दर्शन करताना तीच मराठीत आणली. तमिळ कुणालाच येईना. आक्का म्हणाली, "पंच्याऐंशी म्हणजे महेश कोठारेचा 'धूमधडाका' रं, दुसरं काय असणार!" बरोबर. हिंदीतला तो 'प्यार किये जा'. नंतर क्विझमास्टरनं तिला विचारलं, तर तिनं शरद तळवलकरांची चाल, बोलण्याची ढब हुबेहूब करून दाखवली. चित्रपट पद्मा टॉकीजला बघितला का उमाला, यावर ती आणि मास्तर दोन मिनिटं बोलत होते. कुणी घड्याळ लावलं नाही. त्याच रात्री एक आवाज वाजवला तेव्हा तीन-चार संघांनी "परत लावा, परत लावा" म्हटलं आणि त्यानं परत लावला. उत्तर सगळ्यांना आलेलंच होतं. परत ऐकायचा होता, एवढंच.

कॉलवरच्या क्विझमध्ये त्रास नाहीत असं नाही. वेळ खूप जातो, दीड तास कुठेच गेला नाही. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांची मर्यादा असते, त्यामुळे आमचा क्विझमास्टर तिथेच चहाची सुट्टी देतो आणि नवी लिंक टाकतो. डेटाही बराच लागतो. घरी वायफाय नसेल तर हा विचार करा, घड्याळवाली त्या मानानं फार कमी डेटात चालते. आणि गूगल करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न खराच आहे. सगळा मामला विश्वासावर चालतो. चांगला क्विझमास्टर एका ओळीत शोधून सापडणार नाहीत असे प्रश्न बनवतो, वर दिलेल्यासारखे. त्यामुळे निम्मं काम होतं. उरलेलं होत नाही. एका संघाची उत्तरं आम्हाला दोनदा जरा जास्तच झटकन आल्यासारखी वाटली. आम्ही काही बोललो नाही, पण मनात राहिलं. ज्यांना जिंकणं महत्त्वाचं आहे त्यांना हे बोचेल.

पैशांचं एक सांगून ठेवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झालाय, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. त्यामुळे कुणी प्रवेश फी घेऊन रोख बक्षीस देतो म्हणाला तर लांब राहा. मी खेळलो त्या दोन्हीकडे एक रुपया लागत नाही. बक्षीस मिळालं तर एखादं पुस्तक, नाहीतर टाळ्या.

तर कुणी काय घ्यावं? तुम्ही एकटे आहात, रात्रपाळी असते, अनोळखी माणसांशी बोलायचा कंटाळा आहे, हात चपळ आहे, तर घड्याळवाली नक्की आवडेल. माझा भाचा तीच खेळतो आणि खूश आहे. मी त्याला ती सोड असं म्हणत नाही. ज्याची त्याची आवड. पण घरात कुणी आक्कासारखं माणूस असेल, किंवा तुम्ही स्वतः विनोद आठवला की आधी हसता आणि मग नाव सांगता, तर मी म्हणेन एकदा कॉलवरचीला बसून बघा. माझ्यापुरता तरी परत घड्याळाकडे जायचा विचार नाही.

नाव नोंदवण्याआधी चालवणाऱ्याला हे विचारा: वेगाला गुण आहेत का? प्रश्न मराठीत, देवनागरीत येतात का? उत्तर टाइप करायचं असेल तर शुद्धलेखनाची चूक चालते का? शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण 'बेर्डे' लिहिताना रफार कुठं पडला यावरून मशीननं उत्तर चूक ठरवलेलं मी बघितलंय. माणूस तपासत असेल तर ती अडचणच येत नाही. एकटेच असाल तर तसं सांगा, बहुतेक क्विझमास्टर कुठल्यातरी संघात जागा करून देतात. हवं तर एकट्यानंही खेळू देतात.

कागद-पेन्सिल जवळ ठेवा, कारण कनेक्टचे तुकडे डोक्यात राहत नाहीत. पहिल्या दिवशी कॅमेरा बंद ठेवला तरी कुणी काही म्हणत नाही. माइक मात्र आधी तपासून घ्या, उत्तर बरोबर आलं की तुम्हाला बोलायला लावतात.