सरळ रेणू की वाकडे रेणू? द्रवस्फटिकांतल्या विजेची मर्यादा

द्रवस्फटिक (liquid crystal) म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण रेणू एका दिशेने रांगेत असलेला पदार्थ. ही रांग वाकवली की त्यात विद्युत ध्रुवीकरण निर्माण होतं, म्हणजे धन आणि ऋण प्रभार थोडे वेगळे सरकतात. रॉबर्ट मेयर यांनी 1969 मध्ये मांडलेल्या या परिणामाला फ्लेक्सोइलेक्ट्रिसिटी म्हणतात.

वाकण्याच्या मानाने किती ध्रुवीकरण मिळतं हे सांगणारा आकडा म्हणजे फ्लेक्सोइलेक्ट्रिक गुणांक. दांडीसारख्या सरळ रेणूंत हा गुणांक मीटरमागे काही पिकोकुलोंब इतकाच असतो. आकडा लहान, पण निरनिराळ्या पद्धतींनी मोजला तरी साधारण याच पट्ट्यात येतो.

केळ्यासारख्या वाकड्या रेणूंनी मात्र खळबळ उडवली. 2006 मध्ये द्रवस्फटिक यांत्रिकरीत्या वाकवून मोजलेला गुणांक मीटरमागे सुमारे 60 नॅनोकुलोंब (60,000 पिकोकुलोंब) निघाला, म्हणजे सरळ रेणूंच्या हजारो पट! पुढे विद्युतक्षेत्र लावून केलेल्या मोजणीत तेच रेणू सरळ रेणूंच्या जवळपास आले.

मग खरं काय? इथे सिद्धांत मदतीला येतो, आणि मला त्याचा युक्तिवाद फार सुंदर वाटतो. वाकण्यातून मिळणारी विद्युत ऊर्जा वाकण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाली, तर द्रवस्फटिक आपोआपच वाकेल. एकसारखी नेमॅटिक अवस्था, म्हणजे सगळे रेणू एकाच दिशेने असलेली अवस्था, टिकणारच नाही. म्हणून गुणांकाचा वर्ग ढोबळमानाने विद्युतपारगम्यता (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो) आणि लवचिकता स्थिरांक (वाकायला किती विरोध करतो) यांच्या गुणाकाराहून कमी हवा. सापेक्ष पारगम्यता 10 आणि लवचिकता 10 पिकोन्यूटन धरा: मर्यादा येते मीटरमागे सुमारे 30 पिकोकुलोंब. सरळ रेणू तिच्या आत आरामात बसतात. 60 नॅनोकुलोंबसाठी मात्र हा गुणाकार सुमारे 40 लाख पट लागेल.

त्यामुळे माझा कौल सरळ रेणूंच्या आकड्यांना. वाकड्यांच्या त्या प्रयोगात काहीतरी मोजलं गेलं हे नक्की, पण ते नेमॅटिकची साधी फ्लेक्सोइलेक्ट्रिसिटी असणं कठीण.