साडेचार किलोची कार्बन डायऑक्साइड टाकी: जांबोटीच्या चिखलात एक पावसाळा

बेळगाव जिल्ह्यातील जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्यात गाडी घेऊन जाणाऱ्यांना तांबड्या मातीचा चिखल नवा नाही. शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर उतरण्यापूर्वी आम्ही थार जीपच्या टायरमधील हवा 32 वरून 18 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) उतरवतो, त्यामुळे चाक पसरते आणि रुतत नाही. अडचण असते ती परतताना, कारण इतक्या कमी हवेवर चोर्ला घाटाच्या डांबरी रस्त्याला लागणे धोक्याचे असते आणि मुसळधार पावसात वीज गेली की वाटेवरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसरही बंद असतो. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप माझ्याकडे होताच. तो एका चाकाला पाच मिनिटे घेतो, मध्येच तापतो, आणि तीन गाड्या असल्या की तासभर पावसात उभे राहावे लागते. म्हणून यंदा मी साडेचार किलोची कार्बन डायऑक्साइडची टाकी, रेग्युलेटर (टाकीतला दाब कमी करून सोडणारी झडप) आणि लांब नळी घेतली.

वेगाच्या बाबतीत तिने मला पूर्ण समाधान दिले. माझे 16 इंची टायर 18 वरून 32 वर यायला प्रत्येकी पाऊण मिनिट पुरते. टाकीत हा वायू द्रवरूपात असतो आणि 20 अंश तापमानाला त्याचा दाब सुमारे 57 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे 57 पट असतो, त्यामुळे इंजिन किंवा वीज यांची गरजच पडत नाही. मात्र द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते. तिसऱ्या-चौथ्या चाकाला रेग्युलेटरवर पांढरे हिम धरते, दाब मंदावतो आणि दोन-तीन मिनिटे थांबावे लागते. चाकात शिरणारा वायू थंड असल्याने भरताना दिसलेला आकडा पुढे एक-दोन पीएसआयने चढतो, म्हणून मी दहा मिनिटांनी पुन्हा मोजतो.

टाकीत किती वायू उरला हे दाबमापकावरून कळत नाही, ही गोष्ट दुकानदाराने सांगायला हवी होती. आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत काटा जवळजवळ एकाच जागी राहतो आणि द्रव संपताच झपाट्याने खाली येतो. खरा हिशेब वजनाचा. मी घरी तराजूवर ठेवून पाहिले, तेव्हा चार चाकांना साधारण अर्धा किलो वायू लागला होता. म्हणजे एका भरणीत आठ-नऊ वेळा गाडीची चारही चाके भरता येतात.

पुन्हा भरून घेण्याची सोय ही बेळगावकरांची जमेची बाजू आहे. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, साच्यातले वाळूचे गाभे घट्ट करण्यासाठी आणि वेल्डिंगसाठी हाच वायू वापरला जातो, सोडा करणाऱ्यांनाही तोच लागतो, त्यामुळे पुरवठादार शोधत फिरावे लागत नाही. टाकीच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख मात्र स्वतः वाचावी. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी झालेली नसेल, तर ती टाकी भरून घेऊ नये. भरणीनंतरही वजन करावे, कारण क्षमतेपेक्षा जास्त भरलेली टाकी उन्हात धोकादायक ठरते.

सुरक्षिततेबाबत मी अतिशय आग्रही आहे. टाकी सदैव उभी बांधावी, कारण ती आडवी वापरली तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरून तो गोठतो. एप्रिल-मे महिन्यांत ती बंद गाडीत ठेवू नये, कारण 31 अंशांपुढे आत द्रव राहतच नाही आणि दाब वेगाने वाढत जातो. काचा बंद असताना गळती झाली, तर आतल्या माणसाचा जीव गुदमरू शकतो. मला मिळालेला पहिला रेग्युलेटर सुरुवातीपासूनच गळत होता. साबणाच्या पाण्याने तपासले म्हणून ते कळले, आणि विक्रेत्याकडून तो बदलून मिळायला तीन आठवडे गेले.

आणखी एक उणीव अशी की हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो. आठवड्याभरात माझ्या टायरमधून दोन पीएसआय कमी झाले, म्हणून घरी आल्यावर नेहमीची हवा भरून घेतो.

भरलेली टाकी 14 किलोच्या आसपास जाते आणि तिची किंमत साध्या पंपाच्या कितीतरी पट आहे. वर्षातून दोनदा चिखलात जाणाऱ्याने पंपावरच भागवावे. दर रविवारी दोन-तीन गाड्यांनी निघणाऱ्यांनी मिळून एक टाकी घ्यावी. खानापूरच्या एका शेतकरी मित्राने ट्रॅक्टरसाठी विचारले होते. त्याला मी नको म्हटले, कारण मागचे एकेक चाक इतका वायू खाते की महिन्यातून कितीदा तरी उद्यमबागेला खेप घालावी लागेल.