फास्टर फेणे, फेलूदा, व्हर्न की फेमस फाइव्ह : मुलाला आधी कोणती साहसकथा द्यावी?

आठ ते तेरा वयाच्या मुलासाठी साहसकथा घ्यायला निघालेल्या मराठी घरापुढे साधारण चार पर्याय असतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. सत्यजित राय यांचा फेलूदा, अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या, मराठी रूपांतरात. आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या ग्रंथालयातून हमखास घरी येणारी एनिड ब्लायटनची फेमस फाइव्ह. चारही मालिका चांगल्या आहेत, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. फेणेवर जीव टाकणारं मूल व्हर्नच्या तिसाव्या पानावर पुस्तक मिटून ठेवू शकतं आणि फेलूदाचा फडशा पाडणाऱ्या मुलीला ब्लायटन फार सोपी वाटू शकते. तेव्हा मुलाचं वय किती यापेक्षा त्याला वाचनाचा दम किती आणि गोष्टीतून त्याला काय हवंय, हे बघून निवड करावी.

गोष्टीत काम कोण करतं?

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दिवसातले जवळपास सगळे निर्णय दुसऱ्यांनी घेतलेले असतात. कधी उठायचं, कुठल्या क्लासला जायचं, किती वाजेपर्यंत खेळायचं. साहसकथेत पहिल्या दोन प्रकरणांतच मोठी माणसं बाजूला होतात आणि ठरवण्याचं काम मुलांकडे येतं. मुलांना या गोष्टी आवडतात त्याचं मोठं कारण हे आहे. म्हणून प्रत्येक मालिकेत प्रत्यक्ष धावपळ कोण करतं, हे आधी पाहावं.

फास्टर फेणेमध्ये ती मुलगाच करतो. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, पुण्यातल्या विद्याभवनचा विद्यार्थी. अंगाने किडकिडीत, सायकलवर सुसाट, आणि काही खटकलं की तोंडातून ‘ट्टॉक’ काढणारा. तो बलदंड नाही, श्रीमंत नाही, त्याच्याकडे कसलं खास यंत्रही नाही. सायकल, चौकस नजर आणि गप्प न बसण्याचा स्वभाव एवढ्याच भांडवलावर तो चोरांच्या मागे लागतो. वाचणाऱ्या मुलाला ‘हे मलाही जमेल’ असं वाटतं ते यामुळे. मालिकेत प्रतापगड आहे, गुलमर्ग आहे, पण फेणे कुठेही गेला तरी त्याचं बोलणं पुण्यातल्या शाळकरी पोराचंच राहतं.

फेमस फाइव्हमध्येही सूत्रं मुलांकडेच आहेत. 1942 साली आलेल्या पहिल्या पुस्तकात ज्युलियन बारा वर्षांचा, डिक आणि जॉर्ज अकरा, अ‍ॅन दहा, आणि सोबत टिमी कुत्रा. सुट्टी लागते, आईवडील आपापल्या कामात, आणि समोर एक बेट. मात्र इथे पाच जणांचा चमू आहे. एकट्या नायकापेक्षा मित्रांच्या टोळीत रमणाऱ्या मुलाला हे जास्त भावतं. भावंडांनी मिळून वाचायलाही हीच मालिका सोयीची, कारण पात्रं वाटून घेता येतात.

फेलूदाची गोष्ट वेगळी. तपास करणारा फेलूदा, म्हणजे प्रदोष मित्तर, प्रौढ आहे. गोष्ट सांगतो त्याचा शाळकरी चुलतभाऊ तोपशे. म्हणजे वाचणारं मूल गुन्हेगाराला पकडत नाही, ते एका हुशार दादाच्या शेजारी उभं राहून बघतं. आठ वर्षांच्या मुलाला यात थोडं मागे ठेवल्यासारखं वाटतं. अकरा-बाराव्या वर्षी मात्र ही जागा फार सुखाची असते, कारण तोपशेला दिसतं तेवढंच आपल्यालाही दिसतं आणि फेलूदाच्या आधी उत्तर काढायची शर्यत लागते. ज्यांना कोडी, बुद्धिबळ, सांकेतिक लिपी आवडते त्यांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल.

व्हर्नकडे बहुतेक सगळे नायक मोठेच. तिथे मुलाला ओढून घेतं ते यंत्र आणि तो अशक्य वाटणारा प्रवास. पाणबुडी कशी चालते, फुग्यातला वायू गरम केला की काय होतं, चंद्राकडे जायचं तर तोफ किती लांब लागेल. खेळणं हातात आलं की आधी उघडून बघणारं मूल व्हर्नचं हक्काचं वाचक आहे. बाकीच्यांनी घाई करू नये.

भाषा : अडखळणं दोन प्रकारचं

विकत घेण्याआधी पुस्तकाच्या मधलं एखादं पान मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. पहिलं पान नको, ते नेहमीच सोपं असतं. ऐकताना दोन गोष्टी वेगळ्या मोजा. मूल अक्षरात अडतंय की अर्थात?

‘स्वच्छ’, ‘कर्तृत्व’, ‘उद्ध्वस्त’ अशा जोडाक्षरांवर ते थांबत असेल, पण ऐकल्यावर अर्थ लगेच कळत असेल, तर प्रश्न देवनागरीच्या सरावाचा आहे. इंग्रजी माध्यमातल्या आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचं बहुधा असंच होतं. अशा मुलासाठी पुस्तक सोपं करू नका, वाचण्याची पद्धत बदला. पहिली दोन प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा, तिसरं एक पान तुम्ही आणि एक पान त्याने असं वाचा, आणि चौथं प्रकरण ऐन रंगात आलं की पुस्तक त्याच्या हातात सोपवा. पुढे काय झालं हे कळण्यासाठी ते स्वतः अक्षरांशी झटतं. फास्टर फेणे यासाठी सगळ्यात उपयोगी, कारण त्यात संवाद भरपूर आहेत आणि बोलीतली वाक्यं डोळ्यांआधी कानाला ओळखीची होतात.

एका पानावर पाचापेक्षा जास्त शब्दांचा अर्थच कळत नसेल, तर ते पुस्तक सहा महिने मागे ठेवा. तोवर ‘किशोर’ मासिकातल्या छोट्या कथा द्या. बालभारतीने 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत उपलब्ध केले आहेत. त्यातली एखादी साहसकथा एका बैठकीत संपते, आणि गोष्ट पूर्ण केल्याचा आत्मविश्वास जाड पुस्तकाच्या अर्ध्यात मिळत नाही.

प्रत्येक मालिकेची भाषेतली अडचणही निराळी आहे. फेणेमध्ये काळाची अडचण येते: तार, ट्रंककॉल, मोबाइल नसलेलं जग. ‘त्याने फोन का नाही केला?’ हा प्रश्न येणारच. दोन मिनिटांत सांगून टाका, नाहीतर मुलाला नायक मूर्ख वाटू लागतो. शिवाय भागवतांच्या शब्दखेळांतले काही विनोद लहान मुलाला कळणार नाहीत, ते सुटले तरी गोष्ट अडत नाही.

फेलूदात नावं अडवतात. बंगाली आडनावं, त्यात दहा-बारा संशयित. मुलं तिसऱ्या प्रकरणात ‘हा कोण?’ म्हणून मागे जातात आणि कंटाळतात. उपाय सोपा आहे: पुस्तकात खूण म्हणून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर प्रत्येक नवीन माणसाचं नाव आणि एकच खूण लिहायला लावा: ‘चष्मा, लंगडतो’, ‘मूर्ती विकतो’. ती पट्टी पुढे संशयितांची यादी होते आणि मुलाला तिचाच नाद लागतो.

ब्लायटनचं इंग्रजी चौघांत सगळ्यात सोपं: छोटी वाक्यं, तेच तेच शब्द. अनोळखी असतात ते पदार्थ, समुद्रकाठची खडकाळ भूमी आणि शेतघरं. 2010 मध्ये प्रकाशकांनी तिची जुनी शब्दकळा बदलून नवी केली होती, पण वाचकांना ती रुचली नाही आणि 2016 मध्ये मूळ मजकुराकडे परत जायचं ठरलं. त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकाच पुस्तकाचे दोन मजकूर मिळू शकतात. घेताना एवढं बघा की एका मुलाच्या संचात ते मिसळलेले नसावेत.

व्हर्न घेताना खास काळजी

इथे जरा थांबायला हवं, कारण व्हर्न घेताना सगळ्यात जास्त चुका होतात आणि नीट निवडला तर तोच सगळ्यात जास्त देतो.

पहिली चूक म्हणजे फार संक्षिप्त आवृत्ती घेणं. चाळीस-पन्नास पानांत उरकलेल्या पुस्तकात फक्त घटना उरतात. यंत्राचं वर्णन, हिशेब, वाद, सगळं कापलेलं असतं. म्हणजे ज्यासाठी व्हर्न वाचायचा तेच गेलं. पूर्ण अनुवाद मात्र दहा वर्षांच्या मुलाला जड जातो. अशा वेळी मधली वाट बरी: भागवतांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि मुलांचं लक्ष कुठे सुटतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरी चूक म्हणजे नाव बघून पुस्तक निवडणं. समुद्राखालच्या वीस हजार लीगच्या प्रवासाचं नाव ऐकून मुलांना वाटतं की पाणबुडी तेवढी खोल जाते. व्हर्नचा एक लीग चार किलोमीटरचा, म्हणजे तो आकडा ऐंशी हजार किलोमीटर प्रवासाच्या लांबीचा आहे. समुद्राची सगळ्यात खोल जागा सुमारे अकरा किलोमीटर. हे आधीच सांगितलं तर मूल नकाशा घेऊन बसतं. माशांची लांबलचक यादी येणारी पानं मात्र खुशाल उलटू द्यावीत.

मराठी मुलासाठी सुरुवातीला मी ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाची कादंबरी सुचवेन. तिचा नायक 20 ऑक्टोबर 1872 रोजी मुंबईत उतरतो. आगगाडी कल्याण, खानदेश, बऱ्हाणपूर करत निघते आणि रूळच संपतात, पुढचा टप्पा हत्तीवरून. रेल्वेच्या नकाशावर बोट फिरवत वाचण्यासारखा हा भाग आहे. प्रत्यक्षात मुंबई-अलाहाबाद लोहमार्ग 1870 मध्येच पूर्ण झाला होता. व्हर्नच्या गोष्टीत मात्र ती तूट आहे, आणि हे कळलं की मुलं लेखकाच्याही चुका शोधू लागतात. त्याच भागात सतीचा प्रसंग आहे आणि हिंदुस्थान परक्याच्या नजरेने रंगवलेला आहे. तेव्हा ही प्रकरणं सोबत वाचा आणि मोकळेपणाने बोला. शेवटची कलाटणी, पूर्वेकडे जाताना एक दिवस कसा वाचतो ती, समजावण्यासाठी पृथ्वीचा गोल जवळ ठेवा. तोंडी सांगून ती पटत नाही.

चंद्रप्रवासाची कादंबरी थोड्या मोठ्या मुलाला द्या. 1865 च्या या पुस्तकात तीन प्रवासी फ्लोरिडातून निघतात, आणि शंभरेक वर्षांनी अपोलो यानंही तिथूनच सुटली. पण व्हर्नच्या तोफेतून कोणी जिवंत पोचलं नसतं. नऊशे फूट लांबीच्या नळीत एवढा वेग गाठायचा तर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त जोर शरीरावर येईल. आठवीतलं मूल हा हिशेब स्वतः करू शकतं.

भीती किती?

फेमस फाइव्ह सगळ्यात सौम्य: तस्कर, भुयारं, डांबून ठेवणं. फेणेमध्ये मारामारी, पाठलाग आहेत, पण विनोद भीतीला फार वेळ टिकू देत नाही. फेलूदात खून होतात, पिस्तूल असतं, आणि नायक चारमिनार ओढतो. राय यांनी या कथांची सुरुवात 1965 मध्ये मुलांच्या ‘संदेश’ मासिकातून केली, त्यामुळे रक्तपात रंगवलेला नाही. सिगारेटबद्दल मूल विचारेलच, उत्तर तयार ठेवा. व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाच्या कादंबरीत प्राध्यापकाचा पुतण्या अंधारात एकटाच वाट चुकतो आणि त्याचा दिवा विझतो. बंद जागेची किंवा अंधाराची भीती असलेल्या मुलाला हे प्रकरण रात्री झोपताना देऊ नये.

मुलीसाठी निवडताना एक उणीव ठाऊक असावी. फेलूदात स्त्रिया जवळजवळ नाहीतच, व्हर्नमध्ये फारच थोड्या, फेणे हा मुलगाच. फेमस फाइव्हमध्ये जॉर्जिना, म्हणजे जॉर्ज, होडी वल्हवते, हट्टाने पुढे जाते, बेट तिचं असतं. आणि तिथेच अ‍ॅनकडे स्वयंपाकपाणी आणि आवराआवर येते. दोघींची तुलना मुली स्वतःच करतात आणि त्यावर तावातावाने बोलतात. ते बोलणं ऐकून घ्या.

कुठून सुरू करावं आणि किती घ्यावं

अख्खा संच एकदम घेऊ नका. कपाटात वीस पुस्तकं दिसली की वाचन अभ्यासक्रम वाटू लागतं. एका मालिकेतली दोन घ्या. दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा नेहमी लवकर संपतं, कारण माणसं, जागा आणि सांगण्याची ढब ओळखीची झालेली असते. तिसरं मुलाने मागितलं की आणा.

फेणेची सुरुवात फुरसुंगीहून तो येतो त्या पुस्तकाने करावी, पुढे क्रम मोडला तरी बिघडत नाही. फेमस फाइव्हच्या एकवीस पुस्तकांतलं पहिलं, बेटाचं, आधी वाचावं म्हणजे जॉर्जचा स्वभाव कळतो. फेलूदात जैसलमेरच्या सोनेरी किल्ल्याची गोष्ट आधी द्या. पूर्वजन्म आठवणाऱ्या मुलापासून सुरू होणारं हे रहस्य मुलांना लगेच पकडतं, आणि त्यातच जटायू, म्हणजे रहस्यकथालेखक लालमोहन गांगुली, पहिल्यांदा भेटतो. त्याच्या कादंबऱ्यांतल्या ढोबळ चुका फेलूदा दुरुस्त करतो तेव्हा मुलं खदखदून हसतात. त्याच्याविना असलेल्या आधीच्या कथा जरा कोरड्या वाटतात, म्हणून त्या नंतर. वेरूळच्या कैलास लेण्याभोवती घडणारी फेलूदाची कथा लेणी पाहायला जाण्याच्या आठवडाभर आधी द्यावी. मग तिथे मूल गाइडच्याही पुढे धावतं.

दोन पर्यायांत अडला असाल, तर एवढं बघा. मराठी वाचायचा कंटाळा करणाऱ्याला फेणे, तोही वाचून दाखवत. कोडी सोडवणाऱ्याला फेलूदा. विज्ञानाची खोड असलेल्याला व्हर्न. इंग्रजी वाचनाचा वेग वाढवायचा असेल तर ब्लायटन, पण तिच्या जोडीला महिन्याला एक मराठी पुस्तक चालू ठेवून, नाहीतर देवनागरीचा हात सुटतो आणि बाराव्या वर्षी फेलूदा जड जातो. वाचून झाल्यावर सारांश विचारू नका. ‘चोर कोण असेल असं तुला केव्हा वाटलं?’ असं विचारा. आणि एकच पुस्तक मूल चौथ्यांदा वाचत असेल, तर नवीन आणण्याची घाई न करता ते वाचू द्या.