सीमेक: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः पाथ आणि कोट्सबद्दल

नागपुरात आमची छोटी टीम संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या मशीनसाठी कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लिहिते. सी प्लस प्लस आणि ओपनसीव्ही (चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी). काहीजण विंडोजवर, काहीजण उबुंटूवर. आधी हातानं लिहिलेली मेकफाइल होती, म्हणजे कोड कसा बांधायचा हे 'मेक' या टूलला सांगणारी फाइल. दिवाळीनंतर सगळं सीमेकवर आणलं, जे अशा बिल्डच्या फाइल्स आपल्यासाठी तयार करून देतं. वेग, आयडीईशी जमवून घेणं वगैरेवर बरंच लिहिलेलं सापडतं. आमचा वेळ गेला तो पाथमध्ये, म्हणजे फाइल-फोल्डरच्या पत्त्यांमध्ये, म्हणून तेवढंच लिहितो.

मेक 1976 सालचं. त्याच्या लेखी स्पेस म्हणजे दोन नावांमधली फट, आणि कोट्स (अवतरणचिन्हं) ते स्वतः वाचतच नाही, तसेच शेलकडे, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, ढकलतं. फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर नाव बदला, विषय संपला. सीमेक इथे खूपच पुढे आहे. व्हेरिएबलमधल्या पाथात स्पेस असली आणि कोट्स लावायचे राहिले तरी तो तुटत नाही. तुटतो अर्धविरामावर, कारण सीमेकची यादी म्हणजे अर्धविरामांनी जोडलेली स्ट्रिंग. आणि व्हेरिएबल रिकामं असेल तर तो आर्ग्युमेंट (कमांडला दिलेली किंमत) गुपचूप गायब होतो, पुढचे सगळे एक घर मागे सरकतात. म्हणून डबल कोट लावायचेच.

मग स्पेसचा त्रास होतो कुठे? आमच्याकडच्या ट्रेनीनं प्रोजेक्ट डेस्कटॉपवर 'संत्रा फायनल' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला. कंपायलर म्हणे, 'फायनल/इन्क्लूड' नावाची फाइलच नाही. "काऊन असं करून राह्यलं हे? फोल्डर तर आहे नं भाऊ!" बिल्ड व्हर्बोज करून (प्रत्येक कमांड पूर्ण दाखवायला लावून) खरी कमांड पाहिली तेव्हा उलगडा झाला. जुन्या मेकफाइलमधून कोणीतरी इन्क्लूडचा पाथ जसाच्या तसा कंपायलर फ्लॅग्जच्या व्हेरिएबलमध्ये चिकटवला होता. ती स्ट्रिंग कमांड लाइनवर कच्चीच जाते. पाथ स्पेसवर तुटला, पहिला तुकडा इन्क्लूड फोल्डर समजला गेला आणि दुसरा सोर्स फाइल. तोच पाथ टार्गेटच्या (जो प्रोग्राम किंवा लायब्ररी बांधायची तिच्या) इन्क्लूड डिरेक्टरीत दिला की कोट्स सीमेक स्वतः लावतं.

कस्टम कमांडचंही, म्हणजे बिल्डमध्ये आपण जोडलेल्या स्वतःच्या कमांडचंही, असंच. अख्खी कमांड एका डबल कोटात कोंबली तर सीमेक तेवढ्या लांब नावाचा प्रोग्राम शोधत बसतं. प्रत्येक आर्ग्युमेंट सुटा द्यायचा आणि शेवटी व्हर्बेटिम लिहायचं, म्हणजे आर्ग्युमेंट जसेच्या तसे प्रोग्रामपर्यंत पोचतात. हे डिफॉल्टच का नाही, हे मला अजून पटलेलं नाही. व्हर्बेटिम असताना वरून आपले जादा एस्केप केलेले (आधी बॅकस्लॅश दिलेले) कोट्स लावले, तर ते कोट्स पाथाचाच भाग होऊन प्रोग्रामपर्यंत पोचतात.

विंडोजवाल्यांसाठी खास बॅकस्लॅश. एक्सप्लोररमधून पाथ कॉपी करून डबल कोटात टाकला आणि त्यात 'यूजर्स' असेल, तर सीमेक लगेच चुकीचा एस्केप म्हणून ओरडतं. ते परवडलं. स्मॉल टी-नं लिहिलेला 'टेम्प' फोल्डर असेल तर बॅकस्लॅश आणि टी मिळून मुकाट्यानं टॅब होतो, आणि फाइल सापडत नाही एवढंच कळतं. सीमेकमध्ये विंडोजवरही फॉरवर्ड स्लॅशच लिहा. बाहेरून आलेला पाथ असेल तर 3.20 पासून सीमेक पाथ ही कमांड आहे, ती रूपांतर करून देते.

याहून चावट प्रकार आमच्या बॅच फाइलमध्ये निघाला. फोटोंच्या फोल्डरचा पाथ कोट्समध्ये होता, पण शेवटी बॅकस्लॅश: "डी:\फोटो\". विंडोजवरचे बहुतेक प्रोग्राम शेवटचं \" हे साधं अवतरणचिन्ह समजतात, कोट बंद होतच नाही आणि पुढचा आर्ग्युमेंट याच पाथात गिळला जातो. यात सीमेकचा दोष शून्य, पण शिव्या त्यालाच बसल्या.

विंडोजची 260 अक्षरांची जुनी मर्यादाही आहेच. विंडोज 10 च्या 1607 आवृत्तीपासून ती रजिस्ट्रीतून उठवता येते, पण वापरातल्या टूललाही ते मान्य असावं लागतं. आम्ही विंडोजची सबस्ट ही कमांड वापरून प्रोजेक्टला एक ड्राइव्ह लेटर दिलं, काम भागलं.

एक तक्रार मात्र कायम आहे. कंटाळून 'संत्रा फायनल'चं नाव बदललं, तर कॅशेमध्ये (बिल्ड फोल्डरमधली सीमेकनं साठवलेली माहिती) जुना पूर्ण पाथ बसलेला असतो आणि सीमेक कॉन्फिगर करायलाच नकार देतं. बिल्ड फोल्डर उडवायचा आणि सगळं पहिल्यापासून. आमच्या प्रोजेक्टमध्ये ओपनसीव्हीही सोर्समधून बांधतो, त्यामुळे तेवढ्यात खाली जाऊन तर्री पोहे खाऊन येता येतं.