भुशासाठी शॉप व्हॅक्यूम घ्यावा की डस्ट कलेक्टर?

मित्राने गॅलरीत सुतारकामाचं टेबल टाकलंय आणि आता भुशावरून घरात रोज कटकट, म्हणून विचारत होता काय घेऊ. मी दोन्ही वापरलेत: शॉप व्हॅक्यूम म्हणजे वर्कशॉपचा दणकट व्हॅक्यूम क्लीनर, आणि डस्ट कलेक्टर म्हणजे जाड पाइपाने भुसा ओढून पिशवीत भरणारा मोठा पंखा.

आधी खर्च आणि जागा. व्हॅक्यूम खूप स्वस्त पडतो, कोपऱ्यात मावतो. कलेक्टर त्याच्या तीन-चार पट महाग, वर ४ इंची पाइप आणि पिशवी मिळून एका कपाटाएवढी जागा खातो.

खरा फरक ओढण्यात आहे. व्हॅक्यूमचा जोर जास्त पण हवा कमी, त्यामुळे सँडर (पॉलिश पेपरने घासणारं मशीन), जिगसॉ (बारीक पात्याची करवत) अशा बारीक तोंडाच्या मशीनला तो एक नंबर, पण प्लेनरला (रंधा मारायचं मशीन) लावला की दोन मिनिटांत ढलप्या पाइपात अडकतात आणि मग बसा काठी घालून कोचत (माझी छत्रीची काडी त्यातच गेली). कलेक्टर उलट, ढीगभर हवा ओढतो, ढलप्या आरामात जातात, पण बारीक पाइप लावला की अगदीच मवाळ.

फिल्टरकडे मात्र दोन्हीत बघाच. कलेक्टरची साधी ३० मायक्रॉनची (म्हणजे त्याहून बारीक कण सोडून देणारी; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कापडी पिशवी असेल तर १० मायक्रॉनखालची, फुफ्फुसात जाणारी धूळ परत खोलीतच येते, १ मायक्रॉनची घ्या. व्हॅक्यूम आणि मशीनच्या मध्ये सायक्लोन झाकणाची (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारं झाकण) बादली जोडा, बहुतेक भुसा तिथेच पडतो, फिल्टर सारखा झटकावा लागत नाही. आवाज? व्हॅक्यूम जास्त किंचाळतो.

गॅलरी, सँडर, रविवारचं काम असेल तर व्हॅक्यूम आणि बादली. प्लेनर किंवा टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) रोज चालणार असेल आणि वेगळी खोली असेल तरच कलेक्टर. मास्क दोन्हीकडे लागतोच.